‘आम्ही जिना उतरत होतो’ या बँडची शिफारस

मंडळी,

कुणाला माहीत नसलेला बँड आपल्याला माहीत असणं ही एक खाज असते, आणि ती ज्याला आहे त्यालाच कळते. नाव सांगितल्यावर समोरचा ‘कोण?’ म्हणाला की आपल्याला गुदगुल्या होतात. ‘हो, ऐकलाय’ म्हणाला की तोंड पडतं. आमच्या रविवारच्या बैठकीतले चौघेही याच खाजेचे. बाकी आमच्यात सारखं असं काहीही नाही.

बैठक भरते चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. फ्रेमचे खोके, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणि त्याच्याखाली चष्मेवाल्याचे भलेमोठे स्पीकर. मास्तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वकीलबाई अजून कोर्टात जातात. आणि मी कान तपासतो, ऐकायची यंत्रं बसवून देतो. डोळेवाला झाला, कानवाला झाला, आता एक नाकवाला मिळाला की मंडळ पूर्ण, असं मास्तर दर दोन महिन्यांनी नव्याने सुचल्यासारखं म्हणतात आणि आम्ही नव्याने हसतो.

दर रविवारी सकाळी एकाने शिफारस करायची आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच, आणि तो वकीलबाईंनी घालून दिलेला. ज्याची शिफारस असेल त्याने संगीत चालू असताना भिंतीकडे तोंड करून बसायचं. कारण शिफारस करणारा माणूस ऐकत नाही, तो बाकीच्यांची तोंडं बघत बसतो. “साक्षीदाराकडे डोळे वटारून बसलेल्या नातेवाइकासारखा,” असं त्या म्हणतात. त्यामुळे अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड केलेलं एक स्टूल कायमचं शिफारसवाल्याचं.

सगळ्यांना आवडलं, तर त्याने इतर गावांतल्या आपल्यासारख्या मंडळांसाठी लिहूनही पाठवायचं. तेच मी आत्ता लिहितो आहे. एरवी मी अर्ध्या पानात उरकतो. या वेळी लांबेल, कारण शिफारस करावी की करू नये हे माझंच अजून ठरलेलं नाही. आणि त्यासाठी आधी माझ्या ताईविषयी सांगायला हवं.

ताई गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. या ब्रेकची तिला इतकी सवय की जेवताना कुणी घाईने पाण्याचा तांब्या उचलला तरी टेबलाखाली तिचा पाय दाबला जातो. आई गेली तेव्हा मी शाळेत जायला लागलो होतो. पुढचं सगळं ताईने केलं. माझे डबे, माझ्या सह्या, माझी भांडणं. मला या जगात जे काही धड येतं ते तिने शिकवलेलं आहे. गाडी सोडून, त्या बाबतीत तिने माझा नाद सोडला.

भावोजी दोन वर्षं आजारी होते. त्यांच्यासाठी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं होतं. ते हॉलच्या कोपऱ्यात दिवसरात्र चालायचं. घर्र, घर्र, घर्र, मग फुस्स. पुन्हा घर्र. भावोजी गेले, मशीन परत गेलं, कोपऱ्यात चार पायांचे ठसे राहिले. आवाज मात्र ताईच्या कानात चालूच राहिला.

आधी तिने सांगितलंच नाही. मला कळलं ते मिक्सरवरून. तिच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात मिक्सर चालू आणि भांडं रिकामं. पंखा चालू, रेडिओ चालू, नळ थोडा सोडलेला. म्हटलं, “काय चाललंय?”

“ते ऐकू येऊ नये म्हणून,” ती म्हणाली.

“आत्ता येतंय?”

“येतंय की. तू बोलतोयस ना, त्याच्या मागे चालू आहे.”

मी तिचे कान तपासले. एकदा नव्हे, अनेकदा. कान लहान मुलीसारखे स्वच्छ. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. मी तिला माझ्या धंद्यातलं सगळं समजावलं, की आवाज बाहेर नाही, आत आहे, मेंदू तो तयार करतो वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “आत-बाहेर मला नको सांगूस,” ती म्हणाली, “बंद कर.”

मला ते करता येत नव्हतं. तिची झोप गेली, मग जेवण गेलं. एक दिवस चौकात शिकाऊ मुलीने गाडी पुढे घातली आणि बाजूने येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ताईला ऐकूच आला नाही. ब्रेक वेळेवर लागला, पण तिने नाही, त्या मुलीने दाबला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. चांगल्या शब्दांत बसवलं, पण बसवलं. आता तिला दिवसभर त्या हॉलमध्ये त्या आवाजासोबत राहायचं होतं. तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं होतं. मी रोज सकाळी फोन करायचो आणि तिने उचलेपर्यंत माझा श्वास वर अडकलेला असायचा. ताई या आवाजाने संपणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

आता बँड.

माझ्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीसाठी पंखा हवा होता म्हणून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो होतो. तिथे एका बंद पडलेल्या धुण्याच्या मशीनवर सीड्यांची टोपली होती. आमच्या जातीचा माणूस टोपली दिसली की हात घालतोच. सगळ्यात तळाशी ही निघाली. कव्हरवर वरून काढलेला जिन्याचा फोटो, कठडा, वळण, खाली अंधार. नाव, ‘आम्ही जिना उतरत होतो’. मागे चार तुकड्यांची नावं. वादकांची नावं नाहीत, कंपनी नाही, साल नाही. दुकानदार म्हणाला, “पंख्याबरोबर घेऊन जा, ती कुणी मागत नाही.”

संगीत पोस्ट-रॉकच. म्हणजे वाद्यं रॉकची, पण गाणारा कुणी नाही आणि कुणाला कसली घाई नाही. पहिल्या तुकड्यात एकच गिटार बराच वेळ एकाच तारेवर घुटमळते, घराबाहेर पडल्यावर दार लावलं की नाही हे पुन्हा पुन्हा आठवणाऱ्या माणसासारखी. ड्रम इतक्या उशिरा येतो की आपण त्याला विसरलेले असतो. दुसरा तुकडा जरा उजेडाचा. उदास आहे, पण रडका नाही. असं उदास संगीत करणारे लोक मनाने निरोगी असतात, असं माझं जुनं मत आहे.

तिसऱ्या तुकड्याचं नाव ‘वळण’. तो हळूहळू भरत जातो, जड होत जातो, आणि बरोबर मधोमध सगळं थांबतं. विरत नाही, थांबतं. कपाट खाली नेणारी माणसं जिन्याच्या वळणावर पकड बदलायला थांबतात तसं. मग शांतता. इतकी लांब, की आपण उठून यंत्र बंद पडलं का बघतो. आणि मग सगळी वाद्यं एकदम, खालच्या सुरात परत येतात आणि छाती मोकळी होते.

धंद्याची सवय म्हणून मी ती शांतता दवाखान्यातल्या आवाजाच्या मापकावर लावून पाहिली. कुठल्याही ध्वनिमुद्रणातल्या शांततेत थोडी खरखर असते, खोलीचा श्वास असतो. इथे काटा तळाला टेकलेला. खरखरसुद्धा नाही. कुणीतरी फारच काळजीपूर्वक काम केलं आहे, असं वाटून मला आदर वाटला.

पुढच्या रविवारी शिफारस माझी होती. नाव सांगितलं.

“हे बँडचं नाव आहे की पोलिसांना दिलेला जबाब?” वकीलबाई म्हणाल्या.

कुणीच ऐकलेला नव्हता. मला गुदगुल्या झाल्या आणि मी स्टुलावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

पहिले दोन तुकडे झाले. मागे कपबशीचा आवाज, मास्तरांचं घसा खाकरणं. तिसरा सुरू झाला तसं सगळं बंद झालं. मग ती शांतता आली. मी तक्त्यावरच्या सगळ्यात लहान ओळीतली अक्षरं वाचत बसलो होतो.

माझ्या मागे मास्तर हळूच म्हणाले, “हो.”

थोड्या वेळाने वकीलबाई, “हं. न्या.”

मग चष्मेवाला, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा, “घ्या ना, घ्या.”

मला वाटलं चहा वाढून देण्याचं काहीतरी चाललंय. नियम म्हणजे नियम, मी वळलो नाही. संगीत परत आलं. चौथा तुकडा संपल्यावर वळलो तर किटली होती तिथेच होती आणि तिघं खुर्चीत सैलावून बसलेले, लांबच्या प्रवासाहून आल्यावर चपला काढून बसावं तसे.

“कसा वाटला?”

“छान,” मास्तर म्हणाले. “आवाज फार सभ्य आहे त्याचा.”

“कुणाचा? यात गाणारा नाही.”

“गात नाही हो. विचारतो.”

“काय विचारतो?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अशा साध्या गोष्टीत मला काय कळत नाहीये, असा चेहरा. “नेऊ का, म्हणून विचारतो,” वकीलबाई म्हणाल्या. “जिन्यात शेजारी नाही का विचारत, आपल्या हातात जड पिशवी बघून? तसं.”

“आणि तुम्ही हो म्हणालात?”

“एवढ्या अदबीने कुणी विचारलं तर नाही कशाला म्हणायचं?”

मी वाद घातला. मापकावरचा काटा सांगितला. मास्तर चिडले. “तुमच्या काट्याला नसेल विचारलं,” ते म्हणाले.

घरी येताना मी मनाशी उलगडा करून टाकला होता. पूर्ण शांततेत माणसाला काहीबाही ऐकू येतंच. आमच्या तपासणीच्या बंद खोलीत बसवलेल्या पेशंटला कधी घंटी ऐकू येते, कधी नाव घेतल्यासारखं वाटतं. एकाने ‘हो’ म्हटलं, की दुसऱ्यालाही कुणी विचारल्यासारखं वाटणारच. माझं समाधान झालं.

पण पुढच्या रविवारी गेलो तर मास्तरांनी बाजूच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती. ती खुर्ची त्यांच्या बायकोची. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण मास्तर तिच्यावर कधी वर्तमानपत्रसुद्धा ठेवू देत नसत. आणि चष्मेवाला! समोरच्या फुटपाथवर त्याच्या जुन्या भागीदाराचं दुकान. भांडण होऊन फुटलेला, त्याच्या नावाने चष्मेवाल्याचं रोज दात-ओठ खाणं चालायचं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मागितलेली फ्रेम नव्हती, तर हा म्हणाला, “समोर मिळेल बघा, तिथे चांगला माल असतो.” वकीलबाईंचा मुलगा रागावून घर सोडून गेलेला. त्याचा मेसेज येईल म्हणून त्यांचा फोन कायम मांडीवर, संगीत चालू असतानाही. आता फोन पर्समध्ये आणि पर्स खिडकीत. तिघांचे चेहरे पाच-पाच वर्षांनी तरुण झालेले.

मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. ताई.

सोमवारी दुपारी तिला दवाखान्यात बोलावलं. आमच्या बंद खोलीला आम्ही बूथ म्हणतो, पेशंट फ्रीज म्हणतात. जाड दार, मधे काच, बाहेर माझं टेबल. पेशंटच्या कानाला हेडफोन, हातात बटण. त्याने बटण दाबलं की माझ्या टेबलावरचा दिवा लागतो. मी ताईला हेडफोन लावले आणि पाठ झालेलं बोलून गेलो, “कितीही बारीक ऐकू आलं तरी बटण दाब. खात्री नसली तरी दाब. नुसतं वाटलं तरी दाब.” दार लावल्यावर लक्षात आलं की आज तपासणी नाहीच, बटणाचं काही काम नाही. पण ते तिच्या हातात दिलेलं होतं. म्हटलं, राहू दे.

तिसरा तुकडा लावला. काचेतून दिसत होतं, ती पुढे वाकून बसली होती, कानातल्या मशीनच्या आवाजामागचं संगीत ऐकायची धडपड करत. संगीत भरत गेलं. मग थांबलं.

माझ्यासमोरचा काटा तळाला गेला.

ताईने मान वर केली. तिने बूथच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे काहीच नव्हतं. आणि दिवा लागला.

लागला तो विझेना. तिने बटण दाबून धरलं होतं. अंगठा पांढरा पडलेला इथून दिसत होता. वाद्यं परत आली तेव्हाच दिवा विझला.

दार उघडलं तर ती तशीच बसलेली. हेडफोन काढले. ती ऐकत होती. मी ऐकत होतो की ती काय ऐकते आहे.

“बंद झालं रे,” ती म्हणाली.

मी हेडफोन खाली ठेवले.

“खरंच बंद झालं. विचारलं ना कुणीतरी, नेऊ का म्हणून. इतकं बरं वाटलं. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही सगळे आपले, कशी आहेस, कशी आहेस.” मग तिने इकडेतिकडे बघितलं. “तुला भूक नाही लागली? मला लागलीय.”

पाव-बिस्किटं होती नव्हती ती तिने संपवली आणि बाहेरच्या बाकावर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत झोपली. पेशंट तिच्या पायाशी अंग चोरून बसत होते. मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडलो. त्या दिवशी मला जो सुटकेचा आनंद झाला तसा आयुष्यात पुन्हा होणार नाही, असं वाटलं. कुणी नेलं, काय नेलं, मला कशाचीही पर्वा नव्हती. माझी ताई वाचली होती.

महिन्याभरात ती कामावर गेली. गालांवर मांस आलं, शिकाऊ मुलांवर ओरडणं पुन्हा सुरू झालं. दवाखान्याच्या वरच मी राहतो. ती खालून जाताना हॉर्न वाजवायची आणि मी खिडकीतून हात करायचो. तो हॉर्न ऐकला की माझा दिवस साजरा व्हायचा.

नंतरच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली. एका रविवारी वकीलबाईंचा फोन पर्समध्ये वाजला. त्यांनी तो काढून मोठ्याने वाचला, “आई, माझं चुकलं, मी येऊ का घरी.” मी एकदम उठून उभा राहिलो. वकीलबाईंनी फोन पुन्हा पर्समध्ये टाकला. “हं,” त्या म्हणाल्या, “आज कुणाची शिफारस?”

“अहो, तुमच्या मुलाचा मेसेज आहे!”

“हो, वाचला की,” त्या म्हणाल्या. “बघू.” आणि बिस्किट उचललं.

दुसरी. भावोजींच्या वाढदिवसाला मी ताईकडे गेलो. मागच्या वर्षी या दिवशी ती त्यांच्या सदऱ्यांना दिवसभर इस्त्री करत बसली होती, एक झाला की पुन्हा पहिला. मी म्हटलं, “आज भावोजींचा वाढदिवस.”

“हो का? असेल,” ती म्हणाली. ती गाडीच्या किल्लीला नवी रिंग लावत होती. “चांगला माणूस होता. आजारपणातसुद्धा कुणाला त्रास नाही दिला.”

घर सोडून गेलेल्या भाडेकरूविषयी मालकीण बोलते त्या सुरात. खोटं नव्हतं, कडू नव्हतं, दुःख गिळलेलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काहीही लपवलेलं नव्हतं. कोपऱ्यातले चार ठसे पुसले गेले होते आणि तिथे एक छान कुंडी होती.

म्हणून मी हे लिहितो आहे. माझी शिफारस अशी, की पहिले दोन तुकडे जरूर ऐका, चौथाही ऐका. तिसरा ऐकू नका. ऐकलाच, आणि कुणी काही विचारलं, तर उत्तर देऊ नका. मला स्वतःला कधीही काही ऐकू आलेलं नाही, तेव्हा हे मी कशाच्या जोरावर सांगतोय ते मला विचारू नका.

एवढं लिहून झालं आणि खाली हॉर्न वाजला. ताई वर आली. टेबलावरचे कागद बघून म्हणाली, “काय लिहितोयस?”

“त्या बँडचं. लोकांना सांगतोय की तिसरं वाजवू नका.”

“का? मला तर गुण आला.”

“ताई, तुला भावोजींची आठवण येते?”

“येते की. तारीख विचार, रक्तगट विचार, सगळं आठवतं.”

“तसं नाही गं.”

तिने खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “पण त्यात वाईट काय, ते मला कळत नाही. तू सांग बरं.”

मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो. ती माझ्याजवळ आली. परीक्षेच्या आधी ठेवायची तसा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आरशात बघितलंस का स्वतःला? मी बरी झाले तरी तुझं तोंड हे असं. किती काळजी करशील माझी? रात्री झोपतोस तरी का?”

“झोपतो.”

“खोटं. तो विचारत होता तुझं.”

“कोण?”

“तोच. आमच्या जिन्यात भेटतो अधूनमधून. सदा काहीतरी जड घेऊन उतरत असतो. म्हणाला, तुमच्या भावाला केव्हापासून विचारतोय, ते ओ देत नाहीत.”

“दिसतो कसा?”

“उतरणाऱ्या माणसाची पाठच दिसते रे.”

“तू काय म्हणालीस त्याला?”

“काय म्हणणार? तू लहानपणापासून असाच. दुकानदाराने काय हवं विचारलं की माझ्या मागे लपायचास, तुझ्यासाठी मीच बोलायचे.” ती हसली. “म्हटलं, हो, न्या. काय असेल ते न्या, एकदा हलकं होऊ दे त्याला.”

माझ्या केसांतून हात फिरवून ती गेली. तिचा पुढचा विद्यार्थी खाली थांबला होता. आता गाडी सुरू झाल्याचा आवाज येतोय. मला तिच्याविषयी इतकं भरून आलं आहे की पुढे लिहिता येत नाही. बाकीचं उद्या.

*

काल इथपर्यंत झालं होतं. आज सकाळी वाचून पाहिलं.

झोप फार सुरेख लागली. बऱ्याच वर्षांत अशी लागली नव्हती.

तिसऱ्या तुकड्याविषयीची वरची सूचना रद्द समजावी. मी उठल्याउठल्या तो पुन्हा ऐकला. उत्तम आहे. मधली शांतता तर अप्रतिम.

बँड सर्वांनी अवश्य ऐकावा. सीडीच्या प्रती करून सोबत पाठवत आहे, आपल्या मंडळात वाटाव्यात.

लेख मात्र उगाच लांबला. बँडविषयी थोडकं आणि एका बाईंच्या झोपेविषयीच फार. वाचताना माझाही थोडा गोंधळ झाला, की एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं. तो भाग गाळणार होतो, पण पुन्हा सगळं लिहायचा कंटाळा आला. आपण गाळून वाचावा.

आत्ता खाली कुणीतरी हॉर्न वाजवतंय. खिडकीतून पाहिलं तर शिकवणीची गाडी. त्या बाई काच खाली करून वर बघत हात हलवतायत. नात्याने त्या माझ्या बहीण लागतात.

दवाखाना उघडायची वेळ झालेली, मी पडदा ओढून घेतला.

हॉर्न थोडा वेळ वाजत राहिला. मग थांबला, आणि छान शांत झालं.